सुवर्ण विसरलं, हार आठवली

1982 च्या दिल्ली एशियाडमधली हॉकी म्हटली की लोकांना आजही एकच गोष्ट आठवते. पुरुषांच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला 7-1 असं हरवलं! त्या सामन्यातले गोलरक्षक मीर रंजन नेगी यांच्या कहाणीशी लोक जोडतात तो 'चक दे इंडिया' 2007 साली आला आणि घरोघर पाहिला गेला. पण त्याच एशियाडमध्ये भारताच्या महिला संघाने हॉकीचं सुवर्णपदक जिंकलं होतं, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

त्या संघाच्या कर्णधार होत्या पुण्याच्या एलिझा नेल्सन. एशियाडमध्ये महिला हॉकी प्रथमच खेळली जात होती. त्याआधी 1980 साली, मॉस्को ऑलिंपिकमध्ये महिला हॉकीचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा चौथ्या आलेल्या भारतीय संघातही त्या होत्या. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली. म्हणजे सरकारदरबारी नोंद झाली. लोकांच्या आठवणीत मात्र पुरुषांची हार राहिली, बायकांची जीत राहिली नाही.

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. जे आठवत नाही त्याच्यासाठी कोणी पैसा काढत नाही. मॉस्कोनंतर आपल्या मुलींना पुन्हा ऑलिंपिकमध्ये पोचायला 2016 साल उजाडलं. मध्ये 36 वर्षं गेली. 2023 च्या हांगझोऊ स्पर्धेपर्यंत एशियाडचं दुसरं सुवर्ण मिळालं नव्हतं. पुरुषांची हॉकी इंडिया लीग 2013 मध्ये सुरू झाली, मुलींची 2025 मध्ये. तीही पुरुषांचे आठ संघ असताना मुलींचे चार!

"खेड्यातल्या मुलींना कुठे जमणार हॉकी?" असं कोणी म्हणेल. हांगझोऊला कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात वैष्णवी फाळके होती. ती फलटण तालुक्यातल्या आसू गावच्या शेतकऱ्याची मुलगी. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत राहणं, खाणं, शाळा आणि प्रशिक्षण एकत्र मिळालं, म्हणून ती तिथवर गेली. गुण होतेच, पण गुणांना जागा मिळाली.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. 2024 साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. ज्यांचं नाव दिलं त्या अहिल्याबाई इथल्याच, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. याच जामखेडमधून, पाथर्डी-शेवगावातून दरवर्षी कुटुंबं ऊसतोडीला जातात. धाकटी भावंडं सांभाळायला शाळेतली पोर सोबत जाते. नाहीतर 'तिला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची?' म्हणून तिचं लग्न उरकतात. तिच्या हातात कोयता येतो, स्टिक येत नाही. तिच्यात एखादी एलिझा असली तरी कळणार कसं?

आपल्या संघटना दारूबंदीसाठी, रेशनसाठी, पाण्यासाठी भांडतात. मैदान मात्र आपल्या मागण्यांच्या यादीत क्वचितच असतं. खेळ म्हणजे पोटभरल्यांची चैन, असं आपणही कुठेतरी मानतो. पण मोकळ्या जागेत धावणं, पडणं, ओरडणं, आपल्या अंगातली ताकद ओळखणं, हेही मुलीचा आपल्या शरीरावरचा हक्कच आहे.

मग करायचं काय? ग्रामसभेच्या आधी महिला सभा भरते. तिथे मैदानाचा ठराव मांडू या. गावातल्या शाळेचं मैदान संध्याकाळी मुलींसाठी ठरावीक वेळ राखून ठेवायला लावू या. ऊसतोडीच्या हंगामात मुलींच्या राहण्याची, शिक्षणाची आणि खेळाची सोय एकत्र मागू या. आणि जिथे प्रशिक्षण चालतं तिथे 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार तक्रार समिती आहे का, हे जाऊन विचारू या. क्रीडासंस्थांनाही तो कायदा लागू आहे. ही भीती गेल्याशिवाय कुठलीच आई मुलीला वसतिगृहात पाठवणार नाही.

जिल्ह्याला बाईचं नाव मिळालं, आनंद आहे. आता तिथल्या पोरींना मैदानही मिळू द्या.