माडीवर आवाज का पोहोचत नाही?

गेल्या रमजानमधली गोष्ट. आमच्या मशिदीला लागून मदरशाची इमारत आहे. तिच्या माडीवर महिलांसाठी तरावीहची सोय असते. एका रात्री हाफिजसाहेबांनी नेहमीप्रमाणे आधीच सांगितले की दुसऱ्या रकातीत सजदा आहे. खाली ते सर्वांना समजले, वर मात्र नुसती घरघर आली. तकबीर झाली, हाफिजसाहेब तिलावतीच्या सजद्यात गेले आणि आम्ही साऱ्याजणी रुकूत! सलाम फिरवल्यावर शेजारच्या वयस्कर खाला रडवेल्या होऊन विचारू लागल्या, "बेटी, माझी नमाज झाली का गं?"

तो मसला इमामसाहेबांनी समजावून सांगितला. पण आवाजाची तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, "बायका आपसांत बोलतात, मग ऐकू कसे येणार?" तरी आवाज वाढवण्यात आला. खाली कान किटले आणि वर आवाज फाटू लागला. शेवटी मुतवल्लीसाहेबांची परवानगी घेऊन, मोहल्ल्यातल्या आयटीआयच्या एका मुलाला बरोबर घेऊन मी सगळी तार तपासली. दोष बोलणाऱ्या बायकांचा नव्हता, जोडणीचा होता.

प्रत्येक स्पीकर विद्युतप्रवाहाला काही विरोध करतो. त्याला इम्पीडन्स म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. आमच्याकडे स्पीकर होते 8 ओहमचे. मशिदीत असे चार स्पीकर समांतर जोडलेले होते, म्हणजे चौघांचा मिळून विरोध झाला फक्त 2 ओहम. अ‍ॅम्प्लिफायरची तार मात्र '4 ओहम' लिहिलेल्या टर्मिनलवर होती. विरोध ठरलेल्यापेक्षा कमी झाला की अ‍ॅम्प्लिफायरवर जास्त प्रवाह देण्याचा भार पडतो. तो तापतो, आवाज फाटतो आणि एखाद्या दिवशी जळतो.

माडीवरचा स्पीकर सर्वांत शेवटी लावलेला, तोही उरलेल्या बारीक तारेने. तार 60 मीटर लांब आणि अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची. जाऊन-येऊन 120 मीटर तांबे, म्हणजे सुमारे 4 ओहमचा विरोध. स्पीकर 8 आणि तार 4, म्हणजे त्या फाट्यावर जाणाऱ्या शक्तीचा एक तृतीयांश भाग तारच खाऊन टाकते. वरच्या स्पीकरला 10 वॅट पोहोचवायचे तर 5 वॅट वाटेतच जळतात.

यावरचा उपाय वीज वाहून नेण्याच्या पद्धतीतच आहे. वीज दूर न्यायची तर व्होल्टेज वाढवून नेतात, म्हणजे प्रवाह कमी लागतो आणि तारेत नुकसान कमी होते. मोठ्या ध्वनियंत्रणेतही हेच करतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे '100 व्होल्ट' असे टर्मिनल असते. तिथून लाईन काढायची आणि प्रत्येक स्पीकरजवळ एक लाईन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावायचा. 10 वॅटवर लावलेला स्पीकर मग लाईनला 1000 ओहमचा दिसतो. त्याच तारेत आता 5 वॅटऐवजी 0.04 वॅटच वाया जातात!

हिशेबही सोपा होतो. ओहमची गणिते नकोत, फक्त वॅटची बेरीज करा. आम्ही मशिदीतले चार स्पीकर 10-10 वॅटवर आणि माडीवर दोन 5-5 वॅटवर लावले. एकूण 50 वॅट. अ‍ॅम्प्लिफायर 100 वॅटचा, म्हणजे जागा शिल्लकच. बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटपेक्षा कमी राहिली पाहिजे, एवढे लक्षात ठेवा. मात्र ट्रान्सफॉर्मर नसलेला स्पीकर या लाईनवर चुकूनही जोडू नका, तो जळेल. आणि 100 व्होल्टचा झटका बसू शकतो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर बंद करूनच काम करा, एकही जोड उघडा ठेवू नका.

दुसरा दोष माइकच्या तारेत निघाला. माइक जास्त इम्पीडन्सचा होता आणि मिंबरपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत 20 मीटर केबल. अशा जोडणीत केबल आवाजातला तीक्ष्ण भाग गिळते. सीन, शीन, स्वाद ही अक्षरे याच भागावर ओळखू येतात. पुढच्या सफांना हाफिजसाहेबांचा स्वतःचा आवाजही ऐकू येतो, म्हणून तिथे कोणाला काही जाणवले नव्हते. आम्हाला तर स्पीकरशिवाय दुसरा आधारच नव्हता. आता कमी इम्पीडन्सचा माइक आणि दोन तारा व जाळी असलेली बॅलन्स्ड केबल लावली आहे. बाहेरची घरघर दोन्ही तारांत सारखीच शिरते आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी वजा होऊन जाते. तरी ही केबल विजेच्या वायरीला चिकटवून नेऊ नका.

नवीन अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागला नाही. ट्रान्सफॉर्मर, एक जादा स्पीकर, माइक आणि केबल एवढाच खर्च आला. रमजानच्या आधी आपल्या मशिदीत कोणीतरी माडीवर जाऊन बसा, खालून एकाला चार वाक्ये वाचायला सांगा आणि ऐकलेले कागदावर लिहून काढा. जे शब्द सुटतील, ते बायकांच्या खात्यावर घालण्याआधी तार तपासा.

शेवटच्या अशऱ्यात सजद्याची सूचना वर स्पष्ट ऐकू आली. आम्ही साऱ्याजणी एकदमच सजद्यात गेलो. नमाजनंतर खालांनी काही विचारले नाही, नुसता माझा हात दाबला. अलहम्दुलिल्लाह.