वय विचारा, साहेब!

पोरांनो, आपल्याच महाराष्ट्रातली गोष्ट. ५ जून २००३ च्या रात्री एका गरिबाच्या घरातली पाच माणसं मारली. बायांवर बलात्कार झाले. पोलिसांनी धरले कोण? भटक्या जमातीतले सहा जण. मजुरीवर जगणारे.

वाचलेल्या बाईनं दोन दिवसांत पोलिसांच्या फोटोंतून दुसरेच चौघं ओळखले होते. तिचं कोणी ऐकलं? कोणी नाही. २००९ साली सुप्रीम कोर्टानं सहाच्या सहा जणांना फाशी ठोकली. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच कोर्टानं सहाही जण निर्दोष सोडले. प्रत्येकी पाच लाख भरपाई. सोळा वर्षांचे पाच लाख! लावा हिशेब दिवसाचा. शेतातली रोजंदारी बरी म्हणाल.

त्या सहांतला एक गुन्ह्याच्या वेळी अठराचाही नव्हता. हे सिद्ध झालं ते फाशी कायम झाल्यावर!

एकच चूक झाली म्हणता? पुण्यातल्या १९९४ च्या खून खटल्यात एका पोराला फाशी झाली. त्याचं वय तेव्हा बारा वर्षं. शाळेच्या रजिस्टरावरून ते पटलं २०२३ साली. अठ्ठावीस वर्षं आत काढल्यावर सुटला तो.

चळवळीतलेच काही म्हणतात, मेलेल्यांची बाजू कोण घेणार? आम्हीच घेतो! निरपराध फासावर चढला म्हंजे खरा खुनी मोकळा. त्या बाईला न्याय मिळाला कुठं?

आता आपलं पाहा. ऊसतोडीला गेलेल्या मायबापाचं पोर कोपीत जन्मतं. जन्माचा दाखला कोण काढणार? शाळेत मास्तर लिहील ती तारीख. कारखान्याचा पट्टा पडला की शाळाही सुटते. उद्या चोरीच्या संशयात पोर धरलं, की फौजदार कागदावर वय एकोणीस टाकतो. एका आकड्यानं पोर बालन्याय मंडळाऐवजी जेलात जातं.

कायदा काय म्हणतो? २०१५ चा बालन्याय कायदा म्हणतो, अठराखालच्या पोराला लॉकअपात, जेलात ठेवायचं नाही. चोवीस तासांत मंडळापुढं न्यायचं. वयाची हरकत कधीही घेता येते, निकाल लागल्यावरसुद्धा. आणि १९८७ चा विधी सेवा कायदा म्हणतो, दलित, आदिवासी, बाया, पोरं, कोठडीतला माणूस, यांना वकील फुकट.

फुकट म्हंजे भीक नाही. हक्क आहे. फुकटचा वकील कोर्टात नुसता उभा राहिला तर चालणार नाही. त्यानं पोराला भेटलं पाहिजे, कागद वाचले पाहिजेत, साक्षीदाराला उलटं विचारलं पाहिजे.

म्हणून वस्तीवस्तीत सांगा. शाळेच्या दाखल्याची नक्कल ट्रंकेत ठेवा. पोर धरलं की रडत बसू नका. दाखला घेऊन जा आणि पहिल्याच दिवशी न्यायाधीशासमोर ओरडून सांगा :

वय विचारा, साहेब! नाव, जात तर तुम्ही न विचारताच लिहिता!