कंठशल्य : अभिमान आणि उत्तरदायित्व

घशात अडकलेल्या शल्याचा विषय निघाला की आपण अभिमानाने सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायाकडे बोट दाखवितो. तो अभिमान सार्थ आहे. आडवे अडकलेले हाड काढण्यासाठी दोऱ्याला बांधलेला केसांचा गोळा द्रव अन्नाबरोबर गिळवावा, वमन करवावे, शल्य गुंतताच दोरा ओढावा. लाखेचे शल्य असल्यास नळीतून तप्त शलाका घालावी, असे आचार्य सांगतात. मात्र या अध्यायाचा बोध आपण कितपत घेतला, याविषयी मला शंका आहे.

काही वर्षांपूर्वी माशाचा काटा अडकल्याची तक्रार घेऊन एक गृहिणी माझ्याकडे आली. प्रचलित समजुतीप्रमाणे भाताचा मोठा घास न चावता गिळण्यास मी सांगितले. तिसऱ्या दिवशी ती परतली ती तीव्र ज्वर आणि छातीतील वेदना घेऊन. मानेची त्वचा दाबताच आत हवा करकरत होती. काट्याने अन्ननलिका भेदली होती. शहरात शल्यचिकित्सकांनी मान उघडून पू काढला. कित्येक आठवडे तिला पोटात बसविलेल्या नळीतून आहार द्यावा लागला. ती वाचली, परंतु तो घास माझ्या सांगण्यावरून गिळला गेला होता.

अन्ननलिकेला छिद्र पडल्यास लाळ, अन्न व जंतू छातीच्या मध्यभागी पसरतात. पहिल्या चोवीस तासांत निदान झाल्यास ते छिद्र शिवणे बहुधा शक्य असते. पुढे धोका झपाट्याने वाढतो. रिमोट वा खेळण्यातील बटणासारखी बॅटरी तर दोन तासांतच ऊती जाळू लागते. क्ष-किरणचित्रात ती नाण्यासारखी दिसते. कडेचे दुहेरी वलय पाहूनच भेद कळतो. उलट, बारीक काटा किंवा प्लॅस्टिकची कवळी त्या चित्रात अनेकदा दिसतच नाही. म्हणून 'चित्र स्वच्छ आहे' एवढ्यावर रुग्णास घरी पाठवू नये.

अशा रुग्णास वमन, विरेचन, केळे वा भाताचा गोळा देऊ नये. औषधालयाच्या मालकांनीही 'खाली उतरवण्यासाठी' एरंडेल देऊ नये. रुग्णास उपाशी ठेवून दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. अपवाद एकच : बॅटरी गिळून बारा तास झालेले नसतील, मूल एक वर्षाहून मोठे असेल, त्याला गिळता येत असेल आणि छिद्राची लक्षणे नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, द्यावा. अमेरिकेतील 2018 च्या संशोधनानंतर आधुनिक वैद्यकानेही हे स्वीकारले आहे. मात्र मधासाठी प्रस्थान क्षणभरही लांबवू नये.

आचार्यांनी हाडाला एक उपाय सांगितला, लाखेला दुसरा. शल्याचा प्रकार आणि स्थान जाणूनच उपाय योजावा, हाच त्यामागील सिद्धांत. आज ते जाणण्याची साधने रुग्णालयात आहेत. रुग्णास वेळीच तेथे पोहोचविणारा वैद्य परंपरा सोडीत नाही. तो सुश्रुताचाच मार्ग चालत असतो.