डोंगरावरची बाराखडी

मागच्या रविवारी आम्ही वस्तीतली पाच-सहा मुले घेऊन त्रिरश्मीवर गेलो. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात, पण तिथल्या शिलालेखांत हे नाव कुठेच नाही. डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे कोरले आहे. 10 क्रमांकाच्या लेण्यात एक मुलगी भिंतीवरचे वाचू लागली. तिने वाचले ते कोणा उनाडाने खिळ्याने खरडलेले नाव. लेख वाचता येईना. "काका, हे मद्रासी आहे का?" तिने विचारले.

आम्हाला हसू आले, पण पोरगी अगदीच चुकली नव्हती. ती लिपी ब्राह्मी, 1837 साली जेम्स प्रिन्सेपने उलगडलेली. लेख नहपानाचा जावई उषवदात याचा. आम्ही पडलो बी.कॉम., आकडे दिसले की राहवत नाही. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीत 2000 कार्षापण ठेवले, व्याज दरमहा शेकडा 1. वर्षाचे झाले 240. वर्षावासातल्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. मुलांनी तिथेच गुणाकार केला, हिशेब तंतोतंत जुळला!

याच ब्राह्मीची एक वाट उत्तरेत नागरीकडे वळली, तीच आपली बाळबोध. दुसरी दक्षिणेत गेली. मदुराईजवळ मांगुळमच्या गुहांत तमिळ भाषा ब्राह्मीत कोरलेली आहे. तिच्यातून वट्टेळुत्तु निघाली. पल्लवांच्या काळी संस्कृतसाठी ग्रंथ लिपी आली. मल्याळम आधी वट्टेळुत्तुत लिहीत. आजची मल्याळम लिपी ग्रंथापासून झाली. ताडपत्रावर लोखंडी टोकाने आडवी रेघ ओढली की पान चिरते, म्हणून तिकडची अक्षरे वाटोळी झाली असे जाणकार सांगतात. तमिळने तर क, ख, ग, घ या चौघांना एकाच अक्षरात बसवले. केरळ सरकारने 1971 साली टंकलेखन आणि छपाईच्या सोयीसाठी जोडाक्षरे सुटी केली, तेव्हा लिपी पुन्हा बदलली.

सोमवारी डबा खाताना आम्ही कचेरीतल्या केरळी सहकाऱ्यांना म्हटले, "तुमचा ठ काढा पाहू." त्यांनी कागदावर नुसता एक गोल काढला. ब्राह्मीतला ठ हुबेहूब तोच, दोन हजार वर्षांत जसाच्या तसा! आपण त्या गोलाला वर देठ आणि शिरोरेघ तेवढी लावली.

तो कागद आम्ही त्या मुलीला दिला. आता तिला क हवा आहे. तो सोपा, बेरजेच्या चिन्हासारखा. पुढच्या रविवारी वही-पेन्सिल घेऊन पुन्हा चढायचे ठरले आहे. खिळा मात्र कोणी आणायचा नाही.