सावध यंत्रे आणि सारथ्याचे मत

मोटार चालविणे ही एके काळी हाताची, पायाची आणि डोळ्यांची विद्या होती. आज या तिघांच्या जोडीला आणखी एक भागीदार येऊन बसला आहे. तो म्हणजे मोटारीतच बसविलेले सावध यंत्र. पट्टा बांधला नाही तर ते घंटी वाजविते. वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर गेला की राहून राहून इशारा देते, आणि १२० च्या वर गेला की त्याचा इशारा थांबतच नाही. गाडी मागे घेताना पाठीमागे काही आडवे आले तर ते ओरडून सांगते. १ जुलै २०१९ नंतर आपल्या देशात तयार होणाऱ्या मोटारींत ही व्यवस्था कायद्यानेच सक्तीची झाली आहे. काही नव्या मोटारींची मजल याच्याही पुढे गेली आहे. काचेमागील कॅमेरा आणि पुढील बाजूचे रडार यांच्या साहाय्याने त्या पुढच्या वाहनाचे अंतर मोजतात, रस्त्यावरील पांढऱ्या रेषा ओळखतात, आणि टक्कर अटळ दिसू लागली तर चालकाच्या पायाची वाट न पाहता स्वतःच ब्रेक लावतात. या सर्व योजना मिळून ‘एडास’ या नावाने ओळखल्या जातात.

या यंत्रांविषयी प्रत्यक्ष चालकाचे मत काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या विद्यालयात येणाऱ्या कित्येक मुलांचे वडील वा काका टॅक्सी, बस किंवा ट्रक चालवून संसार करतात. चोर्ला घाटातून बेळगावकडे जाणारा रस्ता त्यांच्या पायाखालचा आहे. त्यांच्याशी बोलण्याचे प्रसंग आम्हांस वारंवार येतात. त्यांचे म्हणणे ऐकून आमचे असे मत झाले आहे की, चालकाची तक्रार अडाणीपणाची म्हणून झिडकारणे जितके चूक, तितकेच ती तक्रार हेच अखेरचे प्रमाण मानणेही चूक होय.

प्रथम तक्रारी पाहू. पहिली तक्रार अशी की, हे यंत्र आपल्या रस्त्यांवर वाढलेले नाही. पुढच्या गाडीपासून योग्य अंतर ठेवावे, तर त्या मोकळ्या जागेत एखादी स्कूटर शिरते. यंत्र तिला संकट समजून ब्रेक लावते, आणि मागील गाडीचा चालक बेसावध असला तर पुढची टळलेली टक्कर पाठीमागून होते. दुसरी तक्रार रस्त्यांच्या रेषांची. पुष्कळ ठिकाणी त्या पुसट झालेल्या असतात किंवा मुळीच नसतात. आषाढातील पावसात आणि घाटातील धुक्यात जेथे माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही, तेथे कॅमेऱ्यालाही नीट दिसत नाही. खड्डा किंवा रस्त्यात बसलेली गाय चुकविण्यासाठी चालक रेषेबाहेर गेला, तर स्टिअरिंग त्याच्या हाताला उलट ओढ देते. तिसरी तक्रार अखंड आवाजाची. दिवसभर कानाशी टुणटुण होत राहिली की खरा इशारा आणि खोटा इशारा यांतील भेदच कळेनासा होतो. एका वयस्क बसचालकाने तर आपल्या कोकणीत एका वाक्यात निकाल दिला: “यंत्राक दोळे आसात, काळीज ना.”

या तक्रारींत तथ्य नाही असे कोण म्हणेल? शिवाय त्या केवळ आपल्याकडच्याच नाहीत. अमेरिकेतील महामार्ग-सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या विमा कंपन्यांच्या संस्थेने २०१६ साली दुरुस्तीसाठी आलेल्या काही होंडा मोटारींची पाहणी प्रसिद्ध केली. रेषेबाहेर गेल्याची सूचना देणारे यंत्र सुमारे एकतृतीयांश मोटारींतच चालू होते. बाकीच्या मालकांनी ते बंद करून टाकले होते. परंतु त्याच मोटारींतील टकरीची सूचना देणारे यंत्र मात्र जवळजवळ सर्वांनी चालू ठेवले होते. ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. चालक यंत्राचा सरसकट द्वेष करीत नाही. जे यंत्र वेळेवर आणि खरे बोलते त्याचे तो ऐकतो, जे उगीच बडबडते त्याचे तोंड बंद करतो. वर्गातील मुलेही शिक्षकांच्या बाबतीत याहून वेगळे काय करतात?

मुकाट्याने काम करणाऱ्या यंत्राविषयी तर कोणाची तक्रार ऐकू येत नाही. ए.बी.एस. ही योजना याचे उत्तम उदाहरण आहे. ओल्या रस्त्यावर घाबरून जोराने ब्रेक दाबला की चाके फिरावयाची थांबतात, गाडी घसरू लागते आणि स्टिअरिंग वळवून काही उपयोग होत नाही. ए.बी.एस. असलेल्या गाडीत चाक अडकू लागताच ब्रेक क्षणभर सैल होतो आणि पुन्हा लागतो. हे एका सेकंदात अनेक वेळा घडते, त्यामुळे चाक फिरत राहते आणि गाडी वळविता येते. कितीही निष्णात चालक असला तरी त्याच्या पायाला ही चपळाई साधणार नाही. १९७८ साली मर्सिडीज मोटारींत ही योजना आली. आज आपल्या येथील नव्या मोटारींत ती सक्तीची आहे, आणि तिच्याविरुद्ध चालकांनी ओरड केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

चांगल्या वस्तूची सक्ती अविचाराने केली तर काय होते, याचा धडा इतिहासात आहे. १९५९ साली स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीतील नील्स बोलिन या अभियंत्याने खांद्यावरून व कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा सिद्ध केला. अमेरिकन सरकारच्या अंदाजाप्रमाणे या पट्ट्यामुळे मोटारीत पुढे बसणाऱ्याचा मृत्यूचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतो. तरीही लोक पट्टा बांधीत ना. तेव्हा तेथील सरकारने १९७४ सालच्या नमुन्याच्या मोटारींत अशी योजना करावयास लावली की, पट्टा बांधल्याविना गाडी सुरूच होऊ नये. शेजारच्या आसनावर भाजीसामानाची जड पिशवी ठेवली, तरी यंत्र तिला माणूस समजून अडून बसे! लोक इतके संतापले की त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकन संसदेच्या कायद्याने ती सक्ती रद्द झाली. आठ सेकंदांपेक्षा अधिक वेळ घंटी वाजविण्याची सक्तीही करू नये, असे ठरले. पट्टा बांधण्याचा कायदा करणारे पहिले राज्य न्यूयॉर्क. त्यास १९८४ साल उजाडावे लागले. दहा वर्षे वाया गेली, ती पट्टा वाईट होता म्हणून नव्हे, तर तो बांधून घेण्याची रीत उद्धट होती म्हणून.

येथवर आम्ही चालकाची बाजू मांडली. आता दुसरी बाजू. चालकाचा संताप समजण्याजोगा असला तरी तो नेहमीच शहाणा असतो असे नाही. आपल्या देशात पट्ट्याची घंटी बंद पाडण्याकरिता एक धातूची चकती विकली जात असे. ती पट्ट्याच्या खाचेत अडकविली की यंत्राला वाटते, पट्टा बांधला. २०२३ सालच्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या विक्रीसंस्थांना ही वस्तू इंटरनेटवरून विकण्यास मनाई केली, तेव्हा तिच्या १३,११८ जाहिराती काढून टाकण्यात आल्या. एवढा खप कोणाच्या मतावर चालला होता? आणि त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे २०२२ साली, आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा बांधलेला नव्हता, आणि या १६,७१५ पैकी जवळजवळ निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते. हे आकडे सरकारी अहवालातील आहेत. यंत्र खोटे बोलले तर चालक रागावतो; परंतु येथे चालकानेच यंत्राशी खोटे बोलावे आणि त्याचा दंड शेजारी बसलेल्या मुलाने भोगावा, यास काय म्हणावे?

आणखी एक भीती जाणत्या चालकांनीच आम्हांस बोलून दाखविली. ती अशी की, यंत्रावर विसंबून माणूस आळसावतो. ही भीती पोकळ नाही. म्यूनिक शहरात १९८० नंतरच्या काळात टॅक्सींवर एक प्रसिद्ध प्रयोग झाला. काही टॅक्सींना ए.बी.एस. बसविले, काहींना नाही. अपेक्षा अशी की, पहिल्यांचे अपघात कमी व्हावेत. प्रत्यक्षात दोन्हींच्या अपघातांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ब्रेक उत्तम आहे हे कळताच ते चालक वळणे वेगाने घेऊ लागले आणि पुढच्या गाडीच्या अधिक निकट जाऊ लागले. यंत्राने जी सुरक्षितता दिली ती माणसाने वेगाच्या रूपाने खर्च करून टाकली. ए.बी.एस. निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. यंत्राने दिलेली शिल्लक जपून ठेवणे हे माणसाचेच काम आहे, एवढाच याचा अर्थ.

मग चालकाचे मत कोठे मानावे आणि कोठे मानू नये? आमच्या मते यास दोन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली अशी की, जे काम माणसाच्या शरीराला वेळेत साधणारच नाही, ते यंत्राकडे निःशंकपणे सोपवावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. संकट दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तेवढा वेळ सहज निघून जातो. त्या १७ मीटरांत एखादे मूल उभे असू शकते. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संस्थेच्या अभ्यासाप्रमाणे आपोआप ब्रेक लावणाऱ्या मोटारींकडून पुढच्या वाहनास मागून बसणाऱ्या धडका सुमारे निम्म्याने घटल्या आहेत. अशा यंत्राला काळीज नसेल. परंतु आमच्या काळजाला जेथे वेळ पुरत नाही तेथे ते धावून येते, हे त्या बसचालकानेही मान्य करावे. मात्र रस्ता पारखणे, गुरांचा कल ओळखणे, शाळा सुटण्याची वेळ लक्षात ठेवणे, हे यंत्राचे काम नव्हे. ते चालकाचेच आहे व राहील.

दुसरी कसोटी अशी की, ज्या गोष्टीत केवळ चालकाच्या सोयीचा प्रश्न आहे तेथे त्याचे मत प्रमाण मानावे. जेथे दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे तेथे त्याचे मत हे अनेक मतांपैकी एक होय. रेषेची सूचना घाटात जाच करीत असेल तर ती तेथे बंद करण्याची मुभा त्यास असावी. मोटारी बनविणाऱ्यांनी आपली यंत्रे येथील पावसात, येथील गुरांमध्ये आणि येथील स्कूटरींमध्ये पारखून घ्यावीत, आणि सरकारने यंत्राची सक्ती करण्याबरोबर रस्त्यावरील रेषाही दरवर्षी रंगवाव्यात. या मागण्या न्याय्य आहेत. परंतु पट्टा बांधावा की नाही, हा मताचा विषयच नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, आणखी दोनचार वर्षांत तुमच्यापैकी अनेकांच्या हाती वाहन चालविण्याचा परवाना येईल. कोणी हौसेने गाडी चालवाल, कोणी त्यावरच पोट भराल. यंत्र ओरडले तर आधी ते का ओरडले हे पाहा, आणि मगच त्याच्यावर रागवा. गाडीबरोबर आलेली माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय त्यातील एकही योजना बंद करू नका. आणि परवान्याची वाट पाहण्याचे कारण नाही, असे एक काम आजच तुमच्या हाती आहे. उद्या वडिलांच्या किंवा काकांच्या गाडीत बसाल तेव्हा मागच्या आसनावर असलात तरी पट्टा बांधा, आणि पट्ट्याच्या खाचेत ती चकती दिसली तर ती काढून टाकण्याविषयी त्यांना नम्रपणे विनवा. वडीलधाऱ्यांना शिकविणे आपल्या रीतीत बसत नाही हे खरे. परंतु जी गोष्ट घंटीचे ऐकून त्यांनी केली नाही, ती कदाचित तुमच्या शब्दाखातर ते करतील.