कलादालनाची फीत कापण्याआधी नोंदवही दाखवा

शहरात नवं कलादालन होणार म्हणून चौकाचौकात फ्लेक्स लागलेत. फ्लेक्सवर सतरा चेहरे आहेत, त्यात चित्रकार एकही नाही. बातमी मीही दिली. 'शहराच्या वैभवात भर' हे वाक्य त्यात नेहमीप्रमाणे आलंच. बातमीत जे लिहिलं नाही ते आज इथे लिहितो.

माझी पहिली नोकरी पेपरातली नव्हे. डिप्लोमाला जाण्याआधी वर्षभर मी एका कलादालनात होतो. नाव घेत नाही, कारण असं चालणारं ते एकटंच नव्हतं. पगार महिना १२०० रुपये. काम म्हणजे कुलूप उघडायचं, झाडून घ्यायचं, खिळे ठोकायचे आणि अभिप्रायाच्या वहीला पेन दोरीनं बांधून ठेवायचं. वर्षातले जेमतेम दोन महिने तिथे चित्रं असायची. बाकी साड्यांचा सेल, सतरंज्यांचा सेल आणि साहेबांच्या वाढदिवसाचं फोटो प्रदर्शन.

एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी आपली ३२ जलरंगातली चित्रं तिथे दिली होती. नदीचा घाट, आठवडी बाजार, आता पाडलेले वाडे. पावसाळ्यात सेलसाठी भिंती मोकळ्या करायचा हुकूम आला. चित्रं मागच्या खोलीत, मोरीच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवली. कुणी ठेवली? मीच. दिवाळीत सर बघायला आले. कागदांवर बुरशी चढली होती, फ्रेमच्या आत कसर फिरत होती. सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "चित्रं घेतल्याची नोंद कुठाय रे?"

नोंद नव्हतीच. जी ११ चित्रं बरी होती ती सरांनी रिक्षात घालून घरी नेली. चौकशी झाली नाही, कुणाला जाब विचारला गेला नाही. कागदावर जी चित्रं कधी आलीच नव्हती, ती खराब तरी कशी होणार?

म्हणून इमारतीच्या घोषणेनं माझा ऊर भरून येत नाही. नव्या दालनाचं संकल्पचित्र बघा. पश्चिमेकडची अख्खी भिंत काचेची. म्हणजे दुपारचं ऊन थेट चित्रांवर. जलरंगांवर ५० लक्सच्या आसपास, तैलरंगांवर २०० लक्सच्या आसपासच उजेड ठेवावा, असा संग्रहालयांचा सर्वसाधारण दंडक आहे. उन्हानं उडालेला रंग परत येत नाही, मग टेंडर कितीचंही काढा.

'छोट्या गावाला हे चोचले कशाला' म्हणणाऱ्यांनी एकदा सातारा जिल्ह्यातलं औंध बघून यावं. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली तिथे संग्रहालय उभं केलं. राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प आजही तिथे आहे. संस्थान चिमुकलं होतं, पण राजा स्वतः चित्रकार होता. चोचले म्हणावेत तर त्याच राजानं १९३९ मध्ये कारभार प्रजेच्या हाती दिला. म्हणजे गाव लहान असणं ही अडचण नाहीच. चित्राची किंमत कळणारा माणूस खुर्चीवर नसणं ही अडचण आहे.

मागणी तीनच गोष्टींची आहे. एक, आलेल्या प्रत्येक चित्राची नोंद: क्रमांक, तारीख, चित्रकार, आकार, अवस्था, फोटो आणि देणाऱ्याला सहीशिक्क्याची पावती. दोन, जतनाचं शिक्षण घेतलेला एक तरी कायम माणूस. माझ्यासारखा रोजंदारीवरचा पोरगा नव्हे. तीन, सेलला दालन भाड्यानं द्यायचं नाही, असा लेखी ठराव. या तिन्हींचा खर्च उद्घाटनाच्या मांडवाएवढाही होणार नाही, पण त्यात फोटो निघत नाही, हीच खरी गोम आहे.

आणि आम्ही पत्रकारही धुतल्या तांदळासारखे नाही. फीत कापल्याची बातमी पहिल्या पानावर, छत गळल्याची कुठेच नाही.

माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. आपल्या शहराच्या मालकीची चित्रं किती आणि आत्ता ती कुठे आहेत, एवढं विचारणारा अर्ज मी सोमवारी देतोय. तुम्हीही द्या. सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नव्हतं. आता तोच प्रश्न विचारायची पाळी आपली आहे.