जुनी फाईल उघडत नाही म्हणून भंगारात घालू नका

स्पष्टच बोलतो, कुणाला राग आला तर येऊ द्या. आपल्या बीड जिल्ह्यातलं कितीतरी छापील मराठी आज प्रेसवाल्यांच्या कपाटात, सीड्यांमध्ये कोंडून पडलंय. साप्ताहिकांचे दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका, गावच्या सप्ताहाच्या पत्रिका. सगळं पेजमेकरात लावलेलं, श्रीलिपी नाहीतर आयएसएमच्या फॉन्टात टाईप केलेलं.

मागच्या महिन्यात ओळखीचे एक प्रेसवाले आले. "दादा, फाईल हाय, पण उघडंना." दुरुस्तीवाल्यानं त्यांना सल्ला काय दिला? "जुनं टाका, नवा लॅपटॉप घ्या." घेतला. मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! कारण त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट गेला की मराठी गेली.

मग त्याच लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकलं. फुकट मिळतं. लॅपटॉपच्या पोटात सॉफ्टवेअरचा दुसरा कॉम्प्युटर उभा राहतो. त्याला ५१२ एमबी रॅम आणि १० जीबी डिस्क दिली, त्यांच्याकडच्या मूळ सीडीवरून विंडोज एक्सपी चढवली. डिस्कला सॅटा नाही, आयडीई निवडायचं. एक्सपीकडे सॅटाचा ड्रायव्हर नसतो, निळा पडदा येतो. आणि नेट बंद म्हणजे बंद. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच थांबले. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायनं जगभर काय केलं ते आठवा. जुन्या विंडोजवर टॅली अन् बँकेचे व्यवहार एकाच मशीनवर करणाऱ्यांनी तर दोनदा आठवा.

पेजमेकर टाकलं, फॉन्ट टाकले, पान उघडलं. ऊसतोडीला निघालेल्या गाड्या, मुकादमाची उचल, शाळा सुटलेली पोरं. वीस वर्षांपूर्वीचा मजकूर, जसाच्या तसा. प्रेसवाले गप्पच झाले.

पण ही कुबडी झाली, पाय नव्हे. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' परंपरेनं शके १११० चा, तो आजही वाचता येतो. आपला २००४ चा अंक वाचायला मेलेली विंडोज उठवावी लागते! युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरी आजही ठराव, जाहिराती जुन्याच फॉन्टात टाईप करून वर त्याचा स्कॅन टाकणारे आहेतच. "सवय आहे हो." तुमच्या सवयीपायी उद्या गावाला स्वतःचाच ठराव शोधता येणार नाही, त्याचं काय?

जुना मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडात येतो. रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकते, म्हणून तपासायला मराठी येणारा माणूस लागतो. तो पगार कुणालाच द्यायचा नाही, खरी गोम तिथं आहे. स्वागताच्या फ्लेक्सला मात्र पैसा कमी पडत नाही.

कुणाकडे अशा सीड्या असतील तर आधी हार्डडिस्कवर कॉपी करा आणि मला मेसेज टाका. लवकर. त्यांच्याकडच्या अकरापैकी तीन सीड्या आता वाचल्याच जात नाहीत.